नदीकडची वेस

इंझोरीहून कारंज्याला जाणं आमच्याकडे नेहमीचंच. दवाखाना, कपडालत्ता, लग्नाचा बस्ता, काही ना काही निघतंच. या खेपेला सहावीतली भाची सोबत होती. कारंज्याला जुन्या चार वेशी आहेत: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. वेशीतून निघणारा रस्ता ज्या गावाला जातो, त्या गावाचं नाव वेशीला. पोरीने चारही नावं बोटांवर मोजली आणि विचारलं, "मामा, नदीकून कोनी येतच नव्हतं काय?"

"नाही," असं म्हणून मी मोकळा झालो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तर अपुरं वाटायला लागलं. आमच्या अरुणावतीतून किंवा अडाणातून कोणी येत नव्हतं हे खरं. पण जगात असे कितीतरी किल्ले आहेत ज्यांचं एक दार थेट पाण्यात उघडायचं. त्यातल्या एका दाराचं नाव कुठल्या गावावरून पडलं नाही, त्यातून आत नेलेल्या माणसांवरून पडलं. थेम्स नदीच्या काठी असलेल्या लंडनच्या किल्ल्याचं, म्हणजे लंडन टॉवरचं, ते दार. त्याला ट्रेटर्स गेट म्हणतात, म्हणजे राजद्रोह्यांचा दरवाजा.

आता हे कोडं पाहा. किल्ला बांधायचा तो शत्रूला बाहेर ठेवायला. मग भिंत उंच करायची, खंदक खणायचा, आणि त्याच भिंतीला नदीच्या बाजूने भलंमोठं भोक का ठेवायचं? आणि राजाच्या घराचं ते दार पुढे कैद्यांचं कसं झालं?

आधी ते दार कोणाचं होतं

गाडीवाटेवर एक बैलजोडी जेवढं ओझं ओढते, त्याच्या कितीतरी पट ओझं तीच जोडी पाण्यावर ओढू शकते. कारण साधं आहे. गाडीचं चाक मातीत रुततं, दगडावर आपटतं, चढाला अडतं, आणि बैलाची निम्मी ताकद या भांडणातच जाते. नाव मात्र पाण्यावर तरंगते. तिला फक्त पुढचं पाणी बाजूला सारायचं असतं, आणि हळू सारलं तर पाणी फारसा विरोध करत नाही. रस्ते चिखलाचे होते त्या काळात दगड, लाकूड, धान्य, दारूची पिंपं, तोफा, सगळं जड सामान नदीने जायचं. थेम्सच्या काठी राहणाऱ्या राजाला तर नदी हाच हमरस्ता होता. एका राजवाड्यातून दुसऱ्या राजवाड्यात जायचं तर तो वल्ह्यांच्या शाही नावेतून जाई.

लंडन टॉवरचा मधला पांढरा बुरूज अकराव्या शतकात विल्यम राजाने बांधायला घेतला. तिसऱ्या हेन्री राजाने तेराव्या शतकात नदीकडे एक दरवाजा केला. नंतर त्याचा मुलगा पहिला एडवर्ड गादीवर आला. त्याने नदीच्या पात्रात भर घातली, तट पुढे सरकवला, बाहेरून नवा खंदक खणला. बापाचा पाणदरवाजा त्यामुळे कोरड्या जमिनीत, तटाच्या आत अडकला. तो दरवाजा आजही तिथेच आहे, आणि पुढे त्याचं नाव पडलं रक्ताचा बुरूज. नदी गेली आणि दार राहिलं, असं या किल्ल्यात दोनदा घडलं. दुसरी वेळ पुढे येईल.

एडवर्डने १२७५ ते १२७९ या काळात नव्या काठावर नवा पाणदरवाजा बांधला. वर राजाच्या राहण्याच्या खोल्या, खाली नाव आत घेणारी कमान. बुरुजाला नाव दिलं संत थॉमस बेकेटचं. म्हणजे ज्या दाराच्या नुसत्या नावाने पुढे लोकांच्या अंगावर काटा यायचा, त्याच्या डोक्यावर मुळात राजाचं शेजघर होतं. कैद्यासाठी कोणी ते बांधलेलंच नव्हतं.

भोक ठेवायचं, पण पाण्याला आवरायचं

या दारामागची अक्कल मला फार आवडते, म्हणून थोडं थांबतो.

समुद्राची भरती थेम्समधून लंडनपर्यंत चढते. आज टॉवरजवळ भरती आणि ओहोटी यांच्यात पाण्याची पातळी सहा-सात मीटरने वरखाली होते. दुमजली घर बुडेल आणि पुन्हा उघडं पडेल इतका हा फरक, आणि तोही दिवसातून दोन वेळा. अशा नदीला लागून दार करायचं म्हणजे ते भरलेल्या पाण्यात टिकलं पाहिजे आणि ओसरलेल्या पाण्यातही.

भक्कम फळ्यांचं बंद दार लावलं तर काय होईल? दाराच्या बाहेर दोन मीटर पाणी चढलंय आणि आत काहीच नाही, अशी कल्पना करा. दार तीन मीटर रुंद असेल तर त्यावर पाण्याचा रेटा सुमारे सहा टन वजनाएवढा पडतो. कापसाने गच्च भरलेली ट्रॉली बिजागऱ्यांवर टेकवून ठेवण्यासारखंच हे. आपल्याकडे पुरात काय होतं ते आठवा. नाल्यावर टिनाचा पत्रा आडवा लावला तर पूर त्याला उचलून नेतो, पण पऱ्हाट्यांचं किंवा बांबूचं कुंपण बऱ्याचदा तग धरतं, कारण पाणी त्यातून निघून जातं.

ट्रेटर्स गेटची दारं याच हिशोबाने जाळीची आहेत. जाडजूड लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या आणि मधे चौकोनी भोकं. पाणी आतबाहेर खेळत राहतं, दोन्ही बाजूंची पातळी जवळपास सारखी राहते, म्हणून दारावर रेटा येत नाही. नाव मात्र जाऊ शकत नाही, पोहणारा माणूसही नाही. थोडक्यात, दार पाण्याला मोकळं आणि माणसाला बंद.

कमानही साधी नव्हती. मोठी नाव यावी म्हणून मधे खांब न ठेवता सुमारे साठ फुटांचं अंतर एकाच कमानीने पेललं आहे, आणि त्या कमानीवर सगळा बुरूज उभा आहे. आत आलेली नाव एका कुंडात थांबे. आपल्याकडची पायऱ्यांची बारव डोळ्यांसमोर आणा: चहूकडून भिंती, खाली हिरवट पाणी, आणि एका बाजूने वर चढणाऱ्या दगडी पायऱ्या. भिंतींत बाण मारायच्या फटी. जबरदस्तीने आत शिरलेली नाव या कुंडात उभी राहिली की तिच्यातला प्रत्येक जण वरच्या धनुर्धराच्या टप्प्यात. भिंतीतलं भोक दिसायला कमजोरी, पण त्यात पाऊल टाकणाऱ्याला तो सापळाच होता.

चौदाव्या शतकात दारासमोर दगडी धक्का बांधला गेला. तेव्हापासून नाव आधी त्या धक्क्याखालच्या वाटेने येई, मग जाळीच्या दारापाशी. उजेडातून अंधारात, अंधारातून कुंडात.

---

चौकट: शब्दांची ओळख

वेस: गावकुसातला मोठा दरवाजा. गाड्या, गुरं, वराती यातून जायच्या.

खिडकी: तटातला लहान दरवाजा. घराची खिडकी वेगळी, ही वाकून जाण्याजोगी. चंद्रपूरच्या तटाला अशा पाच आहेत.

पाणदरवाजा: नदी, खाडी किंवा खंदकाकडे उघडणारं दार.

राजद्रोह: राजाविरुद्धचा गुन्हा. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राजाच्या धर्मविषयक अधिकाराची शपथ नाकारणंही त्यात मोडू लागलं.

---

दाराचं नाव कसं फिरलं

सोळाव्या शतकात आठवा हेन्री गादीवर असताना टॉवर हळूहळू राहण्याचा वाडा कमी आणि तुरुंग जास्त झाला. माणसं मोठी होती: मंत्री, धर्मगुरू, राण्या. त्यांना पकडून आणायचं तर रस्ता अडचणीचा. लंडनच्या गल्ल्या अरुंद, गर्दी दाट, आणि कैदी लोकांचा आवडता असला तर दंग्याची भीती. नदीवर गर्दी जमत नाही. नावेवर कोणी दगड मारत नाही, कोणी वाट अडवत नाही, कैदी उडी मारून पळेल तर जाईल कुठे? पहारा आठ-दहा माणसांत भागतो. पाण्याच्या ज्या गुणांमुळे ही वाट राजाला सोयीची होती, त्याच गुणांमुळे ती कैद्यासाठीही नेमकी ठरली. या सगळ्या प्रकरणाचा गाभा मला हाच वाटतो. दगड तेच, दार तेच, नावही बहुतेक तीच. बदलला तो फक्त आत बसलेला माणूस.

एप्रिल १५३४ मध्ये सर थॉमस मोर यांना नदीमार्गे टॉवरला आणलं. हा माणूस काही काळापूर्वी राज्याचा चॅन्सेलर, म्हणजे सर्वांत मोठा न्यायाधिकारी होता. राजाला चर्चचा प्रमुख मानायला त्यांनी नकार दिला. १ जुलै १५३५ रोजी त्यांना मृत्युदंड सुनावला. न्यायालयातून परत आणताना टॉवरच्या धक्क्यापाशी त्यांची मुलगी मार्गारेट वाट पाहत उभी होती. भालाईतांचं कडं फोडून ती आत घुसली आणि सगळ्यांदेखत तिने बापाच्या गळ्याला मिठी मारली. बाजूला झाली, आणि पुन्हा धावत येऊन बिलगली. ६ जुलैला मोर यांचं शिर उडवलं. पाण्याच्या वाटेने गर्दी टाळता येते. धक्क्यावर उभी राहिलेली एक लेक मात्र टाळता आली नाही.

२ मे १५३६ रोजी हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलिन हिला ग्रीनिचच्या राजवाड्यातून नावेत बसवून आणलं. १९ मे रोजी तिचा वध झाला. ती ट्रेटर्स गेटमधूनच आत शिरली असं सर्रास सांगितलं जातं, पण अनेक इतिहासकारांच्या मते तिला धक्क्यावरून दुसऱ्या दारानं आत नेलं. हा बारकावा मी मुद्दाम सांगतो आहे. नाव एकदा पडलं की ते दार सगळ्या कथा आपल्याकडे ओढून घेतं, अगदी शेजारच्या दारातून गेलेल्या माणसांच्यासुद्धा.

फेब्रुवारी १५४२ मध्ये पाचवी राणी कॅथरिन हॉवर्ड याच नदीने आली. तिची नाव लंडन पुलाखालून गेली. पुलावर खांबांवर खोचलेली शिरं होती, आणि तिच्याशी ज्यांचं नाव जोडलं गेलं होतं त्या दोन पुरुषांची शिरंही त्यात होती. ती तेव्हा वयाने विशी-बाविशीच्या आसपासचीच असेल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टॉवरच्या तटाच्या आत फार थोड्या लोकांचा वध झाला. शंभरावर माणसं मारली गेली ती बाहेर, टॉवर हिल नावाच्या टेकाडावर, हजारोंच्या गर्दीसमोर. आत आणायचं लपवून आणि मारायचं उघड्यावर. तटाच्या आत ज्यांना संपवलं, ते बहुतेक असे होते की त्यांचं मरणही लोकांना दाखवायची राज्यकर्त्यांना धास्ती होती. तीन राण्या त्यात येतात.

भरतीने दिलेला एक दिवस

ॲन बोलिनची मुलगी एलिझाबेथ. आई मेली तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. १५५४ मध्ये तिची सावत्र बहीण मेरी राणी झाली होती. वायट नावाच्या सरदाराने बंड केलं, आणि त्यात एलिझाबेथचा हात असल्याचा संशय आला. १७ मार्चला तिला टॉवरला न्यायला दोन सरदार दारात उभे राहिले. वीस वर्षांची पोर ती. तिने एकच मागणी केली: बहिणीला पत्र लिहू द्या.

ती लिहीत बसली. सरदार थांबले. तिकडे नदी थांबली नाही.

आता लंडनचा जुना पूल कसा होता ते समजून घेऊ. आपल्या नाल्यांवरचा कोल्हापुरी बंधारा तुम्ही पाहिलाच आहे: ओळीने खांब, मधे अरुंद गाळे. लंडन पूल जवळजवळ तसाच होता. एकोणीस जाडजूड खांब, प्रत्येकाभोवती लाकूड-दगडाचा बुंधा, आणि मधे उरलेल्या चिंचोळ्या फटींतून अख्खी थेम्स वाहायची. भरती-ओहोटीच्या वेळी पुलाच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा चांगलंच उंच असे. बंधाऱ्याच्या गाळ्यातून पाणी जसं उसळत पडतं, तसं ते तिथे पडायचं. त्या वेळी नाव घालणं म्हणजे जीव देणं. पुलाखालून सुखरूप जायचं तर पाणी दोन्हीकडे जवळपास सारखं असेल ती घटका साधावी लागे. एलिझाबेथ पुलाच्या वरच्या बाजूला वेस्टमिन्स्टरला होती, टॉवर पुलाच्या खाली.

पत्र संपलं तेव्हा ती घटका निघून गेली होती. त्या दिवशी नाव जाऊ शकली नाही. पत्राच्या शेवटी कागद कोरा राहिला होता, तर तिने त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढून टाकल्या. मागून कोणी आपल्या नावावर एखादं वाक्य घुसडू नये म्हणून. ते पत्र आजही जपून ठेवलेलं आहे आणि त्याला भरतीचं पत्र असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी १८ मार्च, पाम संडेचा ख्रिस्ती सण होता. सगळं लंडन हातात पानं घेऊन चर्चमध्ये असणार, आणि हीच वेळ तिला न्यायला निवडली. पावसात नाव निघाली, पुलाखालून धडपडत गेली आणि टॉवरला लागली. त्या पायऱ्यांवर ती अडून बसली, आत यायलाच तयार नव्हती, अशी कथा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती नेमक्या कोणत्या दाराने आत गेली यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण दिवस कोणता निवडला आणि रस्त्याऐवजी नदी का निवडली, एवढं पाहिलं तरी राज्यकर्त्यांना कशाची भीती होती ते कळतं. त्यांना एका मुलीची भीती नव्हती. तिला पाहायला जे जमले असते, त्यांची होती.

१९ मे १५५४ रोजी तिला टॉवरमधून हलवून नजरकैदेत पाठवलं. आईचा वध झाला तीच तारीख. पुढे चार वर्षांनी तीच इंग्लंडची राणी झाली.

आपली नदी चालत नाही

मग आपल्याकडे असं दार का नाही? भाचीचा प्रश्न खरा इथे येऊन बसतो.

वऱ्हाडातल्या नद्या चार महिने पाणी आणि आठ महिने वाळू. पावसाळ्यात नाव टिकत नाही, उन्हाळ्यात नाव तरंगत नाही. भरती-ओहोटी नाही, त्यामुळे रोज ठरलेल्या वेळी वर चढणारं पाणीही नाही. म्हणून आपल्या किल्ल्यांनी नदीचा उपयोग रस्ता म्हणून केला नाही, खंदक म्हणून केला. बाळापूरचा किल्ला बघा. १७२१ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाबाने ते पुरं केलं. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात तो बसवला आहे, पुराच्या दिवसांत पाणीच त्याची राखण करायचं. नदीकडे दार ठेवलंच तर ते पाणी भरायला, घोडे धुवायला, घाटावर उतरायला. कैदी आपल्याकडे रस्त्याने आले.

आणि रस्त्याने आणलं की त्याचा अर्थ बदलतो. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना भीमेच्या काठच्या बहादूरगडाकडे आणलं. विदूषकाचे कपडे आणि टोपी घालून, उंटावर बसवून, छावणीतून त्यांची धिंड काढली. तिथे भीमा होती, नावही मिळाली असती, पण औरंगजेबाला लपवायचंच नव्हतं. राजा कैद झालाय हे प्रत्येक शिपायाने पाहावं, ही त्याची इच्छा. ११ मार्च रोजी भीमा-इंद्रायणीच्या परिसरात महाराजांना हालहाल करून मारलं. त्या धिंडीतून दख्खन घाबरेल हा औरंगजेबाचा हिशोब पार चुकला. पुढची अठरा वर्षं मराठ्यांनी त्याला सुखाने झोपू दिलं नाही आणि तो दिल्लीला परतलाच नाही.

कैदी लपवून नेणारा राजा आणि कैदी मिरवणारा राजा, दोघांची नजर असते जमावावरच. लंडनच्या राजाला वाटे की जमाव कैद्याच्या बाजूने जाईल. औरंगजेबाला वाटलं की जमाव आपल्याला भिईल.

खाडी, समुद्र आणि आगगाडी

भरतीचं पाणी मराठी मुलखात आहे ते कोकणात आणि गोव्यात. खाडीकाठी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, मराठ्यांनी तो १७३७ मध्ये जिंकला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून १८१५ मध्ये तिथे कोंडलं. कोणी फितूर होऊ नये म्हणून पहाऱ्यावर गोरे शिपाई ठेवले. पण गोऱ्यांना मराठी कळेना. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पदरी असलेला मराठा मोतद्दार घोडा फिरवत खिडकीखाली यायचा आणि गाण्यातून निरोप द्यायचा. सप्टेंबर १८१६ मधल्या एका रात्री त्रिंबकजी भिंतीच्या भोकातून पसार झाले. पाणी, तट, पहारा, सगळं चोख होतं. भाषेची फट कोणाला दिसली नव्हती. १८१८ मध्ये ते पुन्हा सापडले, तेव्हा त्यांना थेट गंगेच्या काठावरच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. तिथे खिडकीखाली मराठीत गाणारं कोणी येण्याची शक्यता नव्हती. त्यांचा शेवट तिथेच झाला.

गोव्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा किल्ला १६१२ मध्ये पुरा झाला. येणाऱ्या गलबतांना गोडं पाणी पुरवायचं हे त्याचं एक मोठं काम, त्याचं नावच पाण्यावरून पडलं. पाण्यालगतच्या त्याच खालच्या भागात पुढे तुरुंग झाला. १९४६ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांना तिथे कोंडलं, आणि मग समुद्रमार्गे पोर्तुगालमधल्या पेनीशच्या किल्ल्यात नेलं. सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांनाही पोर्तुगालला, लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्यांच्यासाठी लढले ते लोक सात वर्षं स्वतंत्र, आणि लढणारा समुद्रापलीकडे एका किल्ल्यात. एवढं पाणी मधे घातलं की माणूस लोकांच्या नजरेआड ठेवता येतो, हाच यामागचा हिशोब होता.

नदी नसेल तिथे इंग्रजांनी आगगाडी वापरली. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. बाहेर पावसात लोक थांबलेले. टिळकांना त्या गर्दीसमोरून न नेता दुसऱ्या बाजूने काढलं, खास गाडीत बसवलं आणि रातोरात साबरमतीला पोचवलं. दुसऱ्या दिवसापासून गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. टिळकांना साबरमतीहून पुढे जहाजाने ब्रह्मदेशात, मंडालेला नेलं. मंडालेचा तुरुंग जुन्या राजधानीच्या किल्ल्यात होता, चारी बाजूंनी रुंद, पाण्याने भरलेला खंदक. सहा वर्षांनी, जून १९१४ मध्ये, सरकारने त्यांना पुण्यात परत आणून सोडलं तेही मध्यरात्री. जातानाही रात्र आणि येतानाही रात्र. साडेतीनशे वर्षांपूर्वी पाम संडेला जे साधलं होतं तेच.

चांद्याची खिडकी

थेम्सचं ते दार आता नावेच्या कामाचं राहिलेलं नाही. टॉवरचा खंदक इतका घाण झाला होता की एकोणिसाव्या शतकात तो उपसून कोरडा केला. नदीकडची वाट विटांनी बुजवली. जाळीच्या दारामागे, पायऱ्यांखाली, पर्यटक वाकून पाहतात. बापाच्या दाराची नदी मुलाने नेली, आणि मुलाच्या दाराची नदी सहाशे वर्षांनी गेली.

भाचीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली की असं माणसांवरून नाव पडलेलं दार आपल्याकडे एकही नाही. आहे. चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला. इरई आणि झरपट नद्यांच्या जवळ गोंड राजांनी वसवलेल्या त्या शहराला मैलोगणती तट आहे, चार दरवाजे आणि पाच खिडक्या. गोंड राजांच्या जुन्या वाड्याच्या जागेवर पुढे तुरुंग झाला. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्या तुरुंगापाशी पिंपळाच्या झाडाला फाशी दिलं. पाच खिडक्यांची नावं अशी: विठोबा, हनुमान, बगड, चोर आणि मसाण. मसाण खिडकीचं नाव गावावरूनही नाही आणि देवावरूनही नाही. ते पडलंय तिच्यातून बाहेर नेल्या जाणाऱ्यांवरून.

दिवाळीच्या सुट्टीत मी पोरीला घेऊन चांद्याला गेलो. ती बराच वेळ तटाला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, याच्यातून जे गेले ते तर गेले. पन वापस कोन येत असन?"

"खांदेकरी," मी म्हणालो. तिला थॉमस मोर यांच्या नावेचं आठवलं असावं, कारण थोडं चालल्यावर तिने विचारलं की ती वल्हवणारी माणसं परत कशी गेली असतील. भरती लागली की पाणी नदीत वर चढतं, नाव रिकामी असते, फार वल्हवावं लागत नाही, असं मी तिला सांगितलं.